अंबाडा, गजरा आणि उजवा कान

पत्र थोडक्यात: माझी मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत जाते. जन्मापासून तिचा उजवा कान जवळजवळ नाहीच. शेंगेएवढा उंचवटा आणि खाली पाळीचा तुकडा, भोक नाही. डॉक्टरांनी ‘मायक्रोशिया’ असं नाव सांगितलं. डावा कान चांगला आहे आणि बोलायलाही ती वेळेवर लागली, म्हणून तान्हेपणीच्या बेरा तपासणीनंतर (बाळाला ऐकू येतं का ते मेंदूच्या लहरींवरून बघतात ती) आम्ही पुन्हा काही तपासलं नाही. तिचे केस मी कायम कान झाकेल असे ठेवते. एक सर्जन म्हणाले, बरगडीच्या हाडापासून कान करू, पण दहा वर्षांची होईपर्यंत थांबा. दुसरे म्हणाले, तयार साचा आत्ताच एका ऑपरेशनमध्ये बसवू. यजमानांचं म्हणणं, लवकर उरकलं तर तिच्या लक्षातही राहणार नाही, शिवाय दोन्ही कानांनी ऐकू येईल. सासूबाई माझ्या सातव्या महिन्यातल्या ग्रहणाचा विषय अजून काढतात आणि त्या तुकड्यात रिंग घालू म्हणतात, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतील. त्यात पावसाळ्यापासून बाईंची तक्रार आहे, हिचं वर्गात लक्ष नसतं. डिसेंबरात गॅदरिंग आहे. कोळी नृत्यात सगळ्या मुलींना अंबाडा आणि गजरा. हिला नाचातून वगळा असं सांगायला मी बाईंकडे गेले, तर हीच मध्ये बोलली, “माझा हा कान छोटा आहे. त्यामुळे गजरा नाही राहणार का?” घरी येऊन मी रडले. ऑपरेशन कधी करू? कुठलं करू?

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा ऑपरेशनच्या अलीकडेच अडखळले. ‘पावसाळ्यापासून बाईंची तक्रार आहे.’ पत्रात तुम्ही हे वाक्य जाता जाता टाकलंय. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे.

मी डॉक्टर नाही. एका सरकारी रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात आणि थिएटरमध्ये मिळून २८ वर्षं सिस्टर होते. या कानांची मुलं आणि त्यांच्या आया पुष्कळ पाहिल्या. त्या अनुभवातून बोलते आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांना समोर बसवूनच घ्या.

तुमची मुलगी एका कानावर ऐकते. तिचा आतला कान, म्हणजे ऐकण्याची नस आणि शंखासारखा भाग, बहुधा दोन्हीकडे चांगला असणार, कारण तो पोटात वेगळ्या जागी तयार होतो आणि मायक्रोशियात सहसा शाबूत राहतो. पण उजवीकडे आवाजाला आत जायला वाटच नाही. अशा कानाला साधारण ५० ते ६० डेसिबल कमी ऐकू येतं, आणि आपलं घरातलं नेहमीचं बोलणं तेवढ्याच आवाजाचं असतं. म्हणजे सगळी भिस्त डाव्या कानावर. आता विचार करा, पावसाळ्यात सर्दी झाली, डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं. दुसऱ्या कुणा मुलाच्या बाबतीत ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत तेवढ्यानेच वर्ग पुसट होतो. कान दुखत नाही, वाहत नाही, त्यामुळे तिला स्वतःलाही सांगता येत नाही. फळ्याकडे बघत बसलेली मुलगी बाईंना ‘लक्ष नसलेली’ वाटते. हेच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण आठ दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून डावा कान तपासून घ्या आणि दोन्ही कानांचा ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, काढून घ्या. सात वर्षांची मुलगी बटण दाबून ही तपासणी सहज देते. मुंबईच्या आसपास असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी असाल तर शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा. ऐकण्याचा दोष त्यांच्या यादीत आहे, पुढच्या तपासणीला तेच पाठवतात.

तोवर बाईंना चिठ्ठी लिहा. हिला वर्गाच्या उजव्या बाजूला, पुढच्या बाकावर बसवा, म्हणजे डावा कान बाईंकडे आणि सगळ्या वर्गाकडे राहील. मागून हाक मारली तर कुठून आली ते तिला कळणार नाही, तो उद्धटपणा नव्हे. आवाज कुठल्या बाजूने आला हे ठरवायला दोन कान लागतात. त्याच कारणाने रस्ता ओलांडताना तिचा हात धरा, हॉर्न ऐकू येईल पण गाडी कुठून येतेय ते कळायचं नाही. आणि डाव्या कानात तेल, काडी, हेअरपिन काही म्हणजे काही घालायचं नाही. तो कान म्हणजे घरातली एकुलती एक किल्ली आहे असं समजा.

आता यजमानांचं गणित. बाहेरचा कान करून घेतला की ऐकू येईल, हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की भरती होणाऱ्या प्रत्येक आईबापाला पहिला प्रश्न तोच विचारायचे, “ऑपरेशननंतर काय होईल असं वाटतंय?” निम्मे जण म्हणायचे, ऐकू येईल. नाही हो. सर्जन करतात तो कान बघण्याचा असतो, चष्म्याच्या दांडीचा असतो. कानाची नळी, म्हणजे आवाजाची आत जायची वाट, उघडण्याचं ऑपरेशन सर्वस्वी वेगळं आहे. त्यासाठी सीटी स्कॅन करून आतली हाडं आणि पोकळी कितपत तयार आहे ते बघतात. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, नळी पुन्हा अरुंद होते, कान वाहत राहतो, म्हणून एक कान चांगला असताना अनेक डॉक्टर त्या वाटेला जातच नाहीत. कुणी करायला तयार झालंच, तर बरगडीचा कान आधी आणि नळी नंतर हा क्रम पक्का धरा. आधी नळी उघडली तर कानासाठी लागणाऱ्या कातडीवर व्रण पडतात आणि पुढच्या सर्जनचे हात बांधले जातात.

ऐकण्यासाठी याहून सोपा मार्ग म्हणजे हाडातून आवाज नेणारं यंत्र. कपाळाभोवतीच्या कापडी पट्ट्यावर ते बसवता येतं, टाका नाही, भूल नाही. दवाखान्यात पाच मिनिटं लावून बघा. तिला आवडतं का, वर्गात फरक पडतो का, तीच सांगेल. एका बाजूचा दोष असलेली काही मुलं ते आनंदाने वापरतात, काही कंटाळून कपाटात ठेवतात, दोन्ही ठीक. पुढे हाडात बसवायचं यंत्र घ्यायचं ठरलं, तर त्याची जागा कानाच्या सर्जनला विचारल्याशिवाय ठरवू देऊ नका.

सासूबाईंच्या ग्रहणाचा हिशेब एका वाक्यात मिटतो. बाहेरचा कान पोटातल्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात सहा इवल्याशा उंचवट्यांपासून बनायला लागतो. सातव्या महिन्यात ग्रहण लागलं तेव्हा तुमच्या बाळाचा कान जो व्हायचा तो होऊन चार-साडेचार महिने उलटले होते. तुम्ही त्या दिवशी विळीवर बसून भाजी चिरली असतीत काय किंवा दिवसभर आडव्या पडून राहिला असतात काय, काही बदललं नसतं. बहुतेक मायक्रोशियाचं कारण सापडतच नाही. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनसारखी काही मोजकी औषधं गरोदरपणाच्या सुरुवातीला घेतली तर धोका असतो, ती घेतली नसतील तर तो विषय तिथेच सोडा. आणि एक तपासणी राहिली असेल तर करून टाका, मुलीच्या पोटाची सोनोग्राफी. कानाच्या दोषाबरोबर कधी कधी मूत्रपिंडात किंवा त्याच बाजूच्या जबड्यात फरक सापडतो.

रिंगचं मात्र अजिबात ऐकू नका. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, पण हा कान सोनाराचा नाही. तो खालचा तुकडा आणि त्याच्या आजूबाजूची न कापलेली, न टोचलेली कातडी हे सर्जनचं भांडवल आहे. त्याच तुकड्याला फिरवून ते खरी पाळी बनवतात. कुणी ‘हा मांसाचा गोळा आधी काढून टाकू’ म्हणालं तरी नको म्हणा. टोचायचंच असेल तर नवा कान झाल्यावर, सर्जनला विचारून, पाळीतच.

आता कुठलं ऑपरेशन. तुम्ही ‘बरगडीचं हाड’ लिहिलंय. हाड नाही. बरगडी छातीच्या मध्याकडे येताना मऊ, कुरकुरीत होते, ती कूर्चा. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या टॅन्झर यांनी बरगडीच्या कूर्चेतून अख्खा कान कोरण्याची पद्धत मांडली. पुढे तिथल्याच ब्रेंट यांनी आणि जपानच्या नागाता यांनी ती सुधारली. आज बहुतेक सर्जन यातल्याच एखाद्या पद्धतीने करतात. (कानाची पाळी जोडण्याचे १५ प्रकार सुश्रुतसंहितेत आहेत, हे आमच्या एका सरांचं आवडतं वाक्य होतं. नवीन निवासी डॉक्टर आला की त्याला ते ऐकावंच लागे.)

थिएटरमध्ये ते कसं चालतं ते सांगते, म्हणजे दहा वर्षांपर्यंत का थांबायचं ते कळेल. सर एक जुनी धुतलेली एक्स-रे फिल्म मुलाच्या चांगल्या कानावर ठेवून मार्करने कान गिरवायचे. फिल्म कापायची, उलटी करायची, की दुसऱ्या बाजूचा कान तयार. वरून कातडी चढणार म्हणून तो मापापेक्षा जरासा लहान धरायचा. ऑपरेशनच्या दिवशी ती निर्जंतुक फिल्म ट्रेमध्ये, आणि छातीतून काढलेले कूर्चेचे पांढरे तुकडे सलाइनमध्ये. मग सर खुर्चीवर बसून कोरायला घ्यायचे. तळाची पट्टी, वरची कड, आतली दुसरी घडी, सगळं वेगवेगळं कोरून बारीक तारेने एकमेकांना बांधायचं. त्या वेळी थिएटरमध्ये कुणी बोलत नसे. तो सांगाडा कातडीखाली सरकवून नळीने हवा ओढली, की पाच-सहा सेकंदांत सपाट कातडीवर कान उमटायचा. २८ वर्षांत ते बघायचा मला कंटाळा आला नाही.

एवढ्या थरांना कूर्चा पुरली पाहिजे. नागातांच्या पद्धतीत म्हणूनच वय सुमारे १० वर्षं आणि छातीच्या खालच्या टोकाशी घेर ६० सेंटिमीटर असं माप धरतात. ब्रेंट पद्धतीने करणारे थोडं आधीही घेतात, टप्पे जास्त असतात. चांगला कानही सहा-सात वर्षांचं होईतो बराचसा मोठ्या माणसाच्या मापाला येतो, म्हणून मापाची अडचण फारशी नसते. पहिल्या ऑपरेशननंतर साधारण सहा महिन्यांनी दुसरं. त्यात कान डोक्यापासून उचलून मागे खाच करतात आणि तिथे दुसरीकडची कातडी लावतात. पहिले चार दिवस कानापेक्षा छाती दुखते, खोकला आला की मुलं रडतात. छातीवर व्रण राहतो. संसर्ग होऊ शकतो, कातडी पातळ होऊन कूर्चा किंवा तार उघडी पडू शकते, छातीत हवा शिरू शकते. केसांची रेषा खाली असेल तर कानावर केस येतात, त्यासाठी लेझर लागतो. आणि तो कान हाताला कडक लागतो, आपल्या कानासारखा दुमडत नाही. पण जिवंत असतो, तिचा स्वतःचा असतो, लहानसहान जखम भरून काढतो.

दुसरे डॉक्टर सांगतात तो साचा सच्छिद्र पॉलिथिलीनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा. अमेरिकेतल्या राइनिश यांनी १९९० च्या दशकात तो रुजवला. छाती कापावी लागत नाही, तीन-चार वर्षांपासून होतो, बहुधा एकाच ऑपरेशनमध्ये, आणि आकार रेखीव येतो. तुमचे दुसरे डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. पण साच्यावर पांघरूण म्हणून कानशिलावरच्या कातडीखालचा पातळ पडदा, त्याच्या रक्तवाहिनीसकट, खाली वळवून घेतात. तो पडदा एका बाजूला एकच. पुढे कधी मार लागून साचा मोडला किंवा उघडा पडला, तर दुरुस्तीचं सामान आधीच खर्च झालेलं असतं. परकी वस्तू आयुष्यभर शरीरात, तिची काळजीही आयुष्यभर. माझं मत विचाराल तर, सात वर्षांच्या, डावा कान चांगला असलेल्या, हसत्याखेळत्या मुलीसाठी मी घाई करणार नाही. पण हे मत वॉर्डात बसून झालेलं आहे, तिथे बिघडलेलेच परत येतात. बरे झालेले कशाला येतील?

दोन्ही सर्जनना हेच विचारा: असे किती कान तुम्ही स्वतः केलेत? एक वर्षानंतरचे आणि पाच वर्षांनंतरचे फोटो दाखवता का? बिघडलं तर पुढे काय? दुसरा प्रश्न ऐकून जे अस्वस्थ होतात त्यांच्याकडून निघा. टाके निघाल्यावरचा फोटो कुणाचाही चांगला येतो, खरा कान सूज उतरल्यावर कळतो.

तिसराही मार्ग आहे, सिलिकॉनचा लावता-काढता येणारा कान. कातडीशी रंग जुळवून हुबेहूब करतात, पण तो काही वर्षांनी बदलावा लागतो. तो पक्का बसवायला हाडात खुंटे घातले आणि उरलेला कान काढून टाकला, तर नंतर बरगडीचा कान करणं अवघड होऊन बसतं. भाजून कान गेलेल्या किंवा ऑपरेशन फसलेल्या मोठ्या माणसांना त्याचा फार उपयोग होतो. मुलाला तो पहिला पर्याय म्हणून कुणी देत असेल तर थांबा.

उंदराच्या पाठीवरच्या कानाचा फोटो तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आलाच असेल. तो १९९० च्या दशकातला, अमेरिकेतला, आणि त्या कानात गाईच्या कूर्चेच्या पेशी होत्या. २०२२ मध्ये रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून त्रिमित (थ्री-डी) छापलेला कान अमेरिकेत बसवल्याची बातमी आली, तीही चाचणीपुरती. त्याच्या भरवशावर तारीख पुढे ढकलू नका.

याच सदरात एक गोष्ट तान्ह्या बाळांच्या घरच्यांसाठी. कान पूर्ण आहे पण दुमडलेला, वाकडा किंवा पुढे आलेला आहे, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साचा-पट्टी लावून तो बिनऑपरेशनचा सरळ होऊ शकतो. तेव्हा कूर्चा आईच्या संप्रेरकांमुळे मऊ असते. ‘मोठा झाल्यावर होईल नीट’ म्हणत थांबलात तर ही संधी हातची जाते. मायक्रोशियात मात्र त्याचा उपयोग नाही, जो भाग नाहीच तो वळवणार कसा.

खर्चाचं एकच सांगते. विम्याच्या पॉलिसीत ‘जन्मजात बाह्य व्यंग’ वगळलेलं आहे का ते आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी असतं. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक बसतात. भरती होण्याआधी त्यांना भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

आता ‘लक्षातही राहणार नाही’ या वाक्याकडे येते. सात वर्षांच्या मुलाच्या सगळं लक्षात राहतं ताई. भुलीचा वास राहतो, आई दाराबाहेर थांबली ते राहतं. आणि आपल्याला न विचारता झालं, हे सगळ्यात जास्त राहतं. दहाव्या वर्षी मूल स्वतः पट्टी सांभाळतं, कुशी न बदलता झोपतं, तक्रार कमी करतं, कारण ते त्याला हवं असतं. आमच्याकडे एक अकरा वर्षांचा मुलगा आला होता. घरच्यांचं म्हणणं, पुढे नोकरी, लग्न. त्याला विचारलं, तुला कशाला हवाय कान? म्हणाला, “चष्मा पडतो. दोरी बांधतो मी.” दुसऱ्या ऑपरेशननंतर पट्टी निघाली तेव्हा त्याने आरसा मागितलाच नाही. उशाखालून चष्मा काढला.

तुमच्या मुलीला कशाला हवाय, की नकोच आहे, हे अजून कुणी तिला विचारलेलं पत्रात दिसत नाही. ‘नको’ हेही उत्तर आहे, आणि ते पंधराव्या किंवा पंचविसाव्या वर्षी बदलू शकतं. मोठेपणी कूर्चा कडक होते, पण ऑपरेशन होतं.

केस कान झाकतील असे तुम्ही सात वर्षं ठेवलेत. तुम्ही तिला लोकांच्या नजरेपासून वाचवत होतात, मला कळतं, मी आई आहे. पण तिने बाईंसमोर काय विचारलं ते पुन्हा वाचा. कान छोटा आहे हे तिने आपल्याला तीन चाकी सायकल आहे म्हणावं तितक्या सहज सांगितलं. तिचा प्रश्न गजऱ्याचा होता. रडू तुम्हाला आलं. चिडवणारी मुलं भेटतील, आठव्या-नवव्या वर्षी भेटतातच. त्यासाठी घरात एक उत्तर पाठ करून ठेवा, तिच्याच शब्दांत, लहानसं: “जन्मापासून असाच आहे. या बाजूने बोल, इकडून ऐकू येतं.” यजमानांनी आणि सासूबाईंनीही पाहुण्यांसमोर हेच सांगायचं, खाली आवाजात नाही.

आणि गजरा राहतो. तो कानावर कुठे असतो, अंबाड्याला असतो. शेवंतीचा जड गजरा घेऊ नका, अबोलीचा हलका घ्या, चार आकडे जास्त लावा. फक्त नाचात तिला डावा कान स्पीकरकडे येईल अशी जागा द्या म्हणून बाईंना सांगा, नाहीतर ठेका चुकेल आणि पुन्हा म्हणतील लक्ष नव्हतं. ऑडिओग्रामचा कागद हाती आला की मला त्याचा फोटो पाठवा.